खोलीपुरती बायको

‘अशी ही बनवाबनवी’ टीव्हीवर लागला की आमच्याकडे कुणी चॅनल बदलत नाही. सिनेमा १९८८ चा, संवाद तोंडपाठ, कोण कुठे फसणार तेही ठाऊक; तरी जेवणाची ताटं बाहेरच्या खोलीत येतात. अलीकडे मात्र माझं लक्ष साड्यांपेक्षा भाड्याच्या खोलीकडे जास्त असतं.

सगळं रामायण घडतं ते चार सडेफटिंग पोरांना पुण्यात कुणी जागा देईना म्हणून. घरमालकीण लीलाबाई काळभोरांना जोडपी हवीत. मग साडी नेसून परशुरामाची पार्वती होते, सुधीरची सुधा. मूळ पेच हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मधला, पण वसंत सबनीसांच्या संवादांनी तो इतका पुणेरी झालाय की मूळ सिनेमा फारसा कुणाला आठवत नाही. आणि गंमत बघा, नवरा-बायकोचं पटतं की नाही, हे घरमालकाच्या खिजगणतीतही नसतं. गळ्यात मंगळसूत्र दिसलं, विषय संपला.

खरा संसार दिसतो तो चौघांतल्या धनंजय मानेच्या, म्हणजे अशोक सराफच्या चेहऱ्यावर. पार्वती झालेला लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरत काहीतरी भलतंच बोलून बसतो, तेव्हा अशोक सराफ बाजूला नुसता उभा असतो. ओठ घट्ट मिटलेले, नजर ‘घरी चल, मग बघतो’ म्हणणारी. बायको खोटी, वैताग मात्र अस्सल! ‘हृदयी वसंत फुलताना’ हे गाणं लागलं की मी खुशाल चहा टाकायला उठतो. प्रेमातली जोडपी मला या खोट्या जोडप्यांइतकी पटतच नाहीत.

पुढे पार्वतीला ‘दिवस जातात’ आणि ‘कुणीतरी येणार येणार गं’ म्हणत डोहाळेजेवण रंगतं. हसून हसून पुरेवाट होते, पण लीलाबाईंचा आनंद बघून जरा कसंसंच होतं. भाडेकरणीचं डोहाळेजेवण घालणारी घरमालकीण! आमच्या घरमालकाचा आमच्याशी एवढाच संबंध, की एक तारीख उलटली की व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं प्रश्नचिन्ह येतं.

बॅचलरांना जागा मिळण्याची बोंब तशीच आहे. ‘फॅमिली आहे ना?’ हा एजंटचा पहिला प्रश्न अजून बदललेला नाही. पण आज धनंजय मानेची बनवाबनवी पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. साडी मिळेल, विग मिळेल; भाडेकरारासाठी पार्वतीचं आधार कार्ड कुठून आणणार?