घर उघडल्यावर

दुपारी चारच्या सुमारास वॉशिंग मशीनच्या मागून पाण्याची एक बारीकशी रेघ निघाली आणि हळूहळू फरशीवरून सोफ्याच्या दिशेने सरकायला लागली. मी नुकतीच झोपेतून उठलेली (हो, दुपारी चारला, त्याचं नंतर सांगते), तिथेच उभी राहून नुसती बघत राहिले. चिडायचंही त्राण नव्हतं. परदेशातून घरी आल्यापासून हे कितवं ते मोजणं केव्हाच सोडून दिलं होतं. नवऱ्याला हाक मारली, "अरे, आता मशीन." तो आतूनच म्हणाला, "बरं." बास. आदल्या दिवशी निदान "अरे बापरे" तरी म्हणाला होता.

गंमत म्हणजे सगळ्या ट्रिपभर काहीही बिघडलं नाही. एक ट्रेन चुकली नाही, एक छत्री हरवली नाही. अनोळखी भाषेत, अनोळखी गावात, अनोळखी नाणी मोजत आम्ही इतके नीट वागलो की आम्हालाच आमचं कौतुक वाटत होतं. दर दहा मिनिटांनी पासपोर्टचा पाऊच चाचपून बघायचा, हॉटेल सोडताना पलंगाखाली वाकून बघायचं, मग दारातून परत फिरून पुन्हा एकदा बघायचं. ही सगळी सावधगिरी घराचं कुलूप उघडलं की संपते. हुश्श म्हणतो आपण. आणि नेमक्या त्या हुश्शची वाट बघत घर बसलेलं असतं असा माझा पक्का समज झालाय.

म्हणजे सुरुवात तशी विमानतळावरच झाली. दोन बॅगा गेल्या होत्या, पट्ट्यावर एकच आली. दुसरी नंतर कधीतरी रात्री घरपोच आली, हँडल तुटलेलं आणि चाक वाकडं. नवऱ्याला अशा वेळी एक वेगळंच तेज चढतं. बॅगेला इजा झाली असेल तर बॅग हातात पडल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार करायची आणि उशिरा आली असेल तर 21 दिवसांत, हे 1999 च्या माँट्रियल करारात आहे, असं तो मला जेवताना, दात घासताना, दिवा मालवल्यावर अंधारात सांगत होता. आमची बॅग उशिराही आली होती आणि तुटूनही, त्यामुळे दोन वेगळी पत्रं लिहायला मिळाली. ट्रिपमधला त्याचा सगळ्यात आनंदाचा दिवस तोच असावा.

मग फ्रीज. जाताना त्याने एका वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवलं होतं आणि वाटी फ्रीजरमध्ये. परत आल्यावर नाणं वरच असेल तर वीज गेली नाही, बर्फात खाली गेलं असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलं. हा प्रकार त्याने कुठेतरी वाचला होता आणि मी त्याला हसले होते. आल्यावर बघितलं तर ना नाणं वर, ना बर्फात खाली. बर्फच नव्हता. वाटीत पाणी आणि तळाला नाणं. एमसीबी कधीतरी पडला होता तो पडलाच होता. खरं तर वाटीपर्यंत जायचीही गरज नव्हती, फ्रीजचं दार उघडल्याबरोबर जो वास आला त्याने सगळं स्पष्ट झालं होतं, पण नवऱ्याने नाक दाबून आधी वाटी बाहेर काढली आणि मला दाखवली. शास्त्र ते शास्त्र.

वासावरून आठवलं, फ्रीज धुऊन पुसून झाला तरी घरात एक वास राहिलाच. आम्ही कोपरे हुंगत फिरलो. शेवटी प्लंबरला बोलावलं. त्याने बाथरूममध्ये पाऊल टाकलं न टाकलं तोच म्हणाला, "ताई, घर बंद होतं का?" जाळीखाली जो वाकडा पाइप असतो त्यात कायम साधारण दोन इंच पाणी थांबलेलं असतं, गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ नयेत म्हणून ते पाणीच झाकणाचं काम करतं. आपण रोज अंघोळ करतो म्हणून ते भरलेलं राहतं. आपण गेलो की ते उडून जातं. "काही तुटलेलं नाही, वापर नव्हता एवढंच," असं म्हणून त्याने दोन मग पाणी ओतलं आणि उभा राहिला. एवढ्याचे पैसे कसे घ्यायचे हे त्याला अवघड वाटत होतं. घेतले मात्र. जाता जाता सांगून गेला, पुढच्या वेळी वरून चमचाभर तेल सोडून जा, तवंग राहतो, पाणी लवकर उडत नाही.

त्याचं ते "वापर नव्हता" माझ्या डोक्यात बसलं. कारण गाडीचं तेच. किल्ली फिरवली तर नुसती टक टक. बंद गाडीसुद्धा आतल्या आत थोडी वीज पीत असते, तो अलार्म, ते घड्याळ, ते कसले कसले कॉम्प्युटर. चाळीसेक मिलीअँपिअर म्हणजे काहीच नाही वाटतं, पण दिवसाला जवळजवळ 1 अँपिअर-अवर होतो आणि छोट्या गाडीची बॅटरीच मुळात 35 ची असते. आपण आपले समुद्रकिनाऱ्यावर फोटो काढतोय आणि इकडे खाली पार्किंगमध्ये ती थेंबथेंब संपतेय. मशीनचंही तसंच निघालं, नळाच्या जोडावरचा रबरी वायसर वाळून कडक झाला होता. म्हणजे आपण रोज वापरून वापरून वस्तू झिजवतो असं जे आपल्याला वाटतं ते... जाऊ दे, यातून काहीतरी मोठं सांगता आलं असतं पण तेवढ्यात बँकेचं कार्ड बंद पडलं. परदेशात कुठल्या कुठल्या दुकानांत बिनबोभाट चाललेलं कार्ड, घराजवळ वायसर घेताना संशयास्पद ठरलं.

आता झोपेचं. दुपारी पेंगायचं आणि रात्री तीनला टक्क जागं व्हायचं. आपल्या आतलं घड्याळ म्हणे 24 तासांपेक्षा किंचित, दहाएक मिनिटांनी जास्त लांबीचं असतं, त्यामुळे उशिरापर्यंत जागणं त्याला सोपं जातं पण लवकर झोपणं नाही, म्हणून पूर्वेकडे येताना जास्त त्रास. दिवसाला साधारण तासभर, असं ते सरकत सरकत जागेवर येतं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते फळमाश्यांवर काम करून शोधणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. फळमाश्या आमच्या फ्रीजपाशीही भरपूर होत्या, पण त्यांच्याकडे आदराने बघण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. रात्री तीनला घर काय काय आवाज करतं हे मात्र ऐकायला मिळालं. फ्लशची टाकी भरतच राहते, मधेच कुठलं तरी दार करकरतं, मधेच नवरा "जागी आहेस का" विचारतो आणि उत्तर न ऐकता मोबाईल उघडतो.

भेटेल तो विचारतो, कशी झाली ट्रिप? मी सुरू करते जाळीखालच्या पाइपपासून. समोरच्याला संग्रहालयं, डोंगर वगैरे ऐकायचं असतं, त्याचा चेहरा पडतो. पण डोंगर सगळे सारखेच सांगितले जातात हो, "फार सुंदर होतं" याच्यापुढे गाडी जात नाही. पाइपाचं कसं, एकेक तपशील सुचत जातो.

लहानपणी आम्ही कधी परदेशात वगैरे गेलो नाही, पण सुट्टीत घर महिनाभर बंद असायचं. परत आलो की बाबा आम्हाला सगळ्यांना सामानासकट जिन्यात थांबवायचे. कुलूप उघडायचे आणि हातात बॅटरी घेऊन एकटेच आत जायचे. आम्ही भावंडं श्वास रोखून उभे. आतून एकेक आवाज यायचा, खिडकीचा बोल्ट, मेन स्विचचा खटका, नळाची आधी फुरफुर आणि मग धार. मला तेव्हा खात्री होती की आत कोणीतरी आहे आणि बाबा त्याला "आता जा, आम्ही आलो" असं सांगताहेत. आई मात्र कंटाळलेली असायची, "अहो, झालं का?" आणि मग ते दारात येऊन म्हणायचे, "या." कधीही, एकदाही, अमुक बंद पडलंय किंवा तमुक फुटलंय असं आमच्या कानावर आलं नाही. आम्हाला वाटायचं आमचं घर शहाणं आहे. त्या दहा-पंधरा मिनिटांत ते आत काय काय दुरुस्त करायचे, काय काय पुसायचे, देव जाणे. आईला विचारलं तर म्हणते, "मला काय माहीत, मी तुमच्याबरोबर जिन्यातच तर असायचे."

आई आता भावाकडे असते आणि ते घर बाबा गेल्यापासून बंदच आहे. महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन नळ सोडून यायचे, खिडक्या उघडायच्या, असं आमचं भावंडांचं फोनवर ठरलेलं आहे. किल्ली कुणाकडे आहे यावर अजून बोलणी चालू आहेत.