गच्चीवरच्या व्हॉल्व्हसाठी टिकाऊ लेबले निवडताना

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, प्रत्येक मजल्याचे व्हॉल्व्ह आणि सौर पॅनेलची जोडणीपेटी आहे. त्यांवरचे जुने कागदी स्टिकर पुसट झाल्यामुळे कोणता व्हॉल्व्ह कोणत्या मजल्याचा, हे प्लंबरला दरवेळी नव्याने शोधावे लागे. ती लेबले बदलण्याचे काम सोसायटीच्या समितीने माझ्याकडे सोपवले.

रावपुऱ्यातील छपाईवाल्या काकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, तो म्हणजे लेबल कशावर चिकटवायचे आहे. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण पुढची सारी निवड त्याच्या उत्तरावर ठरली. पीव्हीसीच्या पाइपांवर आणि रंग दिलेल्या पत्र्यावर गोंद चांगला धरतो. टाक्या मात्र पॉलिइथिलीनच्या असतात आणि त्या प्लास्टिकवर साधा गोंद नीट पसरतच नाही, त्यामुळे महागातले स्टिकरही तिथून सुटून येते. म्हणून टाक्यांसाठी आम्ही अक्षरे कोरलेल्या ॲनोडाइझ्ड (पृष्ठभागावर संरक्षक थर तयार केलेल्या) ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घेतल्या आणि त्या टाकीच्या तोंडाशी असलेल्या पाइपाला स्टेनलेस स्टीलच्या तारेने बांधल्या.

बाकी ठिकाणी व्हिनाइल की पॉलिस्टर, असा प्रश्न होता. व्हिनाइल मऊ असल्याने गोल पाइपावर छान बसते, परंतु ते लवचिक ठेवणारी द्रव्ये कालांतराने निघून जातात आणि ते आकसते. पॉलिस्टर ताठ असले तरी उष्णतेत आपला आकार अधिक चांगला राखते. येथे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, हे लक्षात घेऊन पेटीसाठी ॲक्रिलिक गोंदाचे पॉलिस्टर आणि बारीक पाइपांसाठी व्हिनाइल, असा निर्णय मी घेतला. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकली जाणारी वस्तू पाण्यात टिकते, पण उन्हात टिकेलच असे नाही, आणि खरे नुकसान उन्हातील अतिनील किरणे करतात. कुरियरच्या पाकिटावर असते तसे, उष्णतेने काळे पडणाऱ्या कागदावरचे लेबल तर गच्चीवर विचारातही घेऊ नये. आमची छपाई रेझिनच्या रिबनने, म्हणजे उष्णतेने लेबलवर शाई उतरवणाऱ्या फितीने झाली, कारण मेणाच्या रिबनची अक्षरे घासली की पुसली जातात.

सौर पेटीचा इशारा मला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता, कारण स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या तारांमध्ये विद्युतदाब असतो. बाहेर लावलेल्या छपाईतला लाल रंग बहुधा काळ्याच्या आधी उडतो, म्हणून मी इशाऱ्याचे शब्द काळ्या अक्षरांत घेतले आणि लाल रंग फक्त कडेला ठेवला. प्लंबर आणि वायरमन गुजराती वाचतात, त्यामुळे मजकूर गुजरातीतही छापला.

चिकटवण्यापूर्वी प्रत्येक जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी केली, कारण धुळीवर बसलेला गोंद धुळीलाच धरतो. गोंद पूर्ण पकडायला एक ते तीन दिवस लागतात; म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वी, सकाळी पाइप तापण्याच्या आत उरकले आणि तोवर गच्ची धुणाऱ्या मावशींना तिकडे पाणी न मारण्याची विनंती केली.