डावखुऱ्या ताई आणि उजवीकडचा हॉपर

गंगापूर धरणाच्या बाजूला एका पेंटबॉल ग्राउंडवर मी मार्कर (रंगाचे बॉल मारायची बंदूक) सांभाळायचं आणि मार्शलचं, म्हणजे पंचाचं, काम करतो. मागच्या पावसाळ्यात एमआयडीसीतल्या एका कंपनीची बॅच आली होती, त्या दिवशीचं सांगतो.

आमच्या मार्करला फीडनेक, म्हणजे बॉल आत जायची नळी, वर मधोमध आहे पण त्यावर एल्बो (वाकडा जोड) लावून हॉपर, म्हणजे बॉलचा डबा, उजवीकडे झुकवलेला, सगळ्यांना तसाच, कारण मधोमध २०० बॉलचा डबा उभा असला की बॅरलवरून नजर नीट जात नाही, उजवीकडे सरकवला की रस्ता मोकळा. मी कधी दुसरा विचारच केला नव्हता.

दुसऱ्या राउंडला एक ताई ड्रमाआडून सारखी मान वाकडी करत होत्या, एकही बॉल लागत नव्हता, मला वाटलं नवीन आहेत, जमेल हळूहळू. आणि त्यांनी चालू गेममध्ये मास्कच वर उचलला! मी जीव खाऊन शिट्टी मारली. सेकंदाला २८० फुटांनी येणारा बॉल अंगावर बसला तर वळ उठतो, डोळ्यावर बसला तर डोळाच जातो हो. माझे हात थरथरत होते. ओरडणारच होतो तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दादा, या डब्यामुळे मला समोरचं काहीच दिसत नाहीये."

तेव्हा बघितलं, मार्कर डाव्या खांद्याला. बाहेर नेलं, बॅरल कव्हर घालून मी स्वतः तसाच धरून पाहिला तर हॉपर बरोब्बर माझ्या तोंडासमोर. चूक त्यांची नव्हतीच.

एल्बोचा स्क्रू ढिला करून हॉपर डावीकडे फिरवला, दोन मिनिटांचं काम. पुढच्या राउंडला त्यांनी पहिल्याच मिनिटात एकाला आउट केलं, पण थोड्या वेळाने बॉल अडकायला लागले. पावसाळी हवेत जिलेटिनचं कवच ओल धरतं, बॉल फुगतो, आधीच ०.६८ इंचाचा तो एल्बोच्या वळणात रखडतो आणि अर्धवट खाली आला की बोल्ट (बॉल पुढे ढकलणारा दांडा) त्याला कापून टाकतो, मग आत सगळा चिकट रंग.

संध्याकाळी मार्कर पुसत बसलो आणि हॉपर उजवीकडे, डावीकडे, मधोमध असे तिन्ही प्रकार दोन्ही खांद्यांवर, ड्रमाच्या दोन्ही बाजूंनी करून पाहिले. उजवीकडून डोकावलं की उजवा हॉपर डोक्याआधी बाहेर येतो, आणि हॉपरला बॉल फुटला तरी खेळाडू आउटच. डावीकडे नेला की तेच उलटं. मधोमध ठेवला तर नजरेला थोडा आडवा येतो खरा, पण बॉल सरळ खाली पडतात आणि खांदा कुठलाही चालतो. भाड्याने देण्याच्या मार्करला माझ्या मते हेच बरं.

मालकांना सगळे एकसारखेच हवे होते, मी हट्टच धरला. सहा मार्करचे एल्बो काढलेत, पिवळी टेप लावून वेगळ्या रॅकवर ठेवलेत, आणि मास्क वाटताना आधी विचारतो, डावखुरं कोण आहे का.