खाऱ्या वाऱ्यात नळाला चिकटून बसलेला पाइप

आमच्या गुहागरात बागेच्या पाइपाची जी काय कटकट असते ती बहुतेक वेळा नळाच्या तोंडाशी असते, म्हणजे जिथे पाइप नळाला जोडलेला असतो तिथे. पाइप फाटला तर तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडता येतो, पीळ पडला तर काढता येतो, पण नळावर आट्यांनी बसवलेली ती चकचकीत कपलिंग (पाइप नळाला जोडणारा धातूचा तुकडा) एकदा जाम झाली की माणसं जोर लावायला लागतात आणि खरं नुकसान तिथेच होतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, किनाऱ्यावर ज्यांची घरं आहेत त्यांच्या उपयोगाचं आहे.

आमच्याकडे घर, घरामागे नारळ-पोफळीचं आगर, त्याच्या मागे सुरूची झाडं आणि मग डायरेक्ट समुद्र. खारा वारा बाराही महिने चालूच, त्यातलं मीठ खिडकीच्या गजांवर, बिजागरांवर, नळांवर सगळीकडे बसतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊसच एवढा असतो की पाइपाला कुणी हात लावत नाही, तो आपला नळाला तसाच लावलेला, चार महिने ओला. मग पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की शिंपणं सुरू करायचं म्हणून पाइप काढून दुसऱ्या नळाला न्यायला जावं तर तो हलतच नाही.

हे का होतं ते समजून घेतलं तर काढायचं कसं तेही आपोआप कळतं. नळ पितळेचा. हल्ली ऑनलाइन किंवा शहरातल्या दुकानात मिळणाऱ्या हलक्या कपलिंग बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मधे खारं पाणी, म्हणजे चक्क बॅटरीचा सेलच तयार होतो आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. झिजून त्याची पांढरी पावडर होते, आणि मूळ धातूपेक्षा त्या पावडरीला जागा जास्त लागते, त्यामुळे ती आट्यांमध्ये ठासून बसते. म्हणजे कपलिंग "घट्ट फिरवलेली" नसते, ती आतून भरून आलेली असते. अशा ठिकाणी नुसती ताकद लावून काय होणार!

या वर्षी शेजारच्या काकूंकडे हेच झालं. त्यांचा मुलगा पुण्याहून छान स्प्रे गन आणि कपलिंगचा सेट घेऊन आलेला, तो पाऊसभर नळावरच राहिला. काकूंनी गड्याला सांगितलं तर तो मोठा पाइप पाना घेऊन आला आणि मी गडग्यावरूनच, म्हणजे दगडी कुंपणावरूनच, ओरडलो, "अरे थांब, आधी नळ धर!" कारण काकूंचा नळ जमिनीतून वर आलेल्या प्लास्टिकच्या उभ्या पाइपावर आहे, त्याला भिंतीचा आधार नाही, नुसता एक चिऱ्याचा दगड शेजारी उभा केलेला. पाना कपलिंगला लावून पिरगाळला की कपलिंग नाही फिरत, नळासकट सगळा उभा पाइप फिरतो आणि जमिनीखालचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, तुटतो. मग पाणी बंद, खणणं, प्लंबर शोधणं, आणि सीझनला प्लंबर मिळणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. तर पहिला नियम, दोन पाने. एकाने नळ धरायचा, घट्ट, आणि दुसऱ्याने कपलिंग फिरवायची. नळ धरणारा हात अजिबात हलता कामा नये.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि यात भले भले फसतात. नळाचं तोंड खाली असतं आणि आपण बघत असतो वरून. खालून बघितलं तर कपलिंग घड्याळाच्या उलट फिरवली की सुटते, पण तीच वरून बघताना घड्याळाच्या काट्यांसारखी फिरताना दिसते. सवयीने डावीकडे फिरवायला गेलात तर आणखी आवळून ठेवाल. शंका असेल तर खाली वाकून नळाच्या तोंडाकडे बघा आणि मग ठरवा.

आणि हो, आधी चावी बंद करून पाइपाचं दुसरं टोक उघडं सोडायचं, आतलं प्रेशर निघून जाऊदे.

काकूंच्या नळावर आम्ही आधी जुन्या सुती फडक्याचा पट्टा व्हिनेगरमध्ये भिजवून कपलिंगभोवती गुंडाळला, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली आणि रात्रभर तसंच ठेवलं. व्हिनेगरने ती पांढरी पावडर आणि पितळेवरची हिरवी कळकट बरीच विरघळते. पण दिवसच्या दिवस ठेवू नका, आम्ल पितळेलाही खातं, सकाळी साध्या पाण्याने धुवायचं. नंतर डब्ल्यूडी-४० (जाम झालेलं सोडवायचा तेलाचा स्प्रे) आट्यांच्या कडेला मारलं. ते नसेल तर डिझेल चालतं, रॉकेल मिळालं तर उत्तम. आमच्याकडे बिजागरं कुरकुरली की लगेच खोबरेलाची बाटली निघते, पण इथे त्याचा उपयोग नाही, ते जाड असतं, बारीक फटीत शिरत नाही आणि थंडीत तर थिजतं. मग छोट्या हातोडीने कपलिंगच्या भोवती टिचक्या मारल्या, म्हणजे जोरात ठोकायचं नाही, पलीकडून दगडाचा नाहीतर दुसऱ्या हातोडीचा आधार द्यायचा आणि हलके हलके सगळीकडून वाजवायचं. पावडर भुसभुशीत असते, या हादऱ्यांनी तिच्यात भेगा पडतात आणि तेल आत जातं.

तरीही नाही सुटली तर गरम पाणी. तापल्यावर ॲल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त फुगतं, एका डिग्रीला साधारण दहा लाखात २३ भाग, पितळ १९ च्या आसपास. फरक बारीक वाटतो, पण कपलिंग बाहेरून आहे आणि तीच जास्त फुगते म्हणजे पकड सैल होते, आपल्याला तेवढंच हवं असतं. कपलिंगवर फडकं गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि लगेच दोन पाने लावायचे. जाळ मात्र लावू नका, आणि उकळतं पाणीसुद्धा प्लास्टिकच्या पाइपावर येऊ देऊ नका, पीव्हीसी ८० डिग्रीच्या आसपासच मऊ पडायला लागतं. तिथे थंड पाण्यात भिजवलेलं फडकं बांधून ठेवायचं.

काकूंची कपलिंग गरम पाण्याने जराशी हलली आणि पुन्हा अडली, म्हणून शेवटी हॅक्सॉ ब्लेड घेतलं. ॲल्युमिनियम मऊ असतं, पटकन कापलं जातं. कपलिंगवर तिरका काप द्यायचा, आतले पितळेचे आटे दिसायच्या जरा आधी थांबायचं, मग त्या कापात चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून पिळायचा. टक् करून आवाज आला आणि ती उकलली. कपलिंग गेली, पण नळ, उभा पाइप, जमिनीखालचं सगळं शाबूत. काकू म्हणाल्या, "जाऊंदे रे ती, नळ वाचला ना!" हाच हिशोब बरोबर आहे, कपलिंग वाया गेली तरी चालेल, नळामागचं काही तुटता नये.

सुटल्यावर नळाचे आटे नीट बघा. पितळ पिवळंच असेल तर ठीक, पण गुलाबी, तांबूस दिसायला लागलं असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय असं समजायचं, खाऱ्या हवेत हे होतं. तसा नळ वरून धड दिसतो पण ठिसूळ झालेला असतो, तो वेळीच बदलून घ्या.

पुढच्या वेळेसाठी माझं मत अगदी ठाम आहे, समुद्राजवळ पितळेच्या नळावर ॲल्युमिनियम नको. पितळेवर पितळ लावा, नाहीतर सरळ चांगल्यातलं प्लास्टिक. दिसायला साधं दिसतं पण त्याला गंज नाही आणि सेलही तयार होत नाही. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, नसेल तर व्हॅसलीन, पण व्हॅसलीन रबराच्या वायसरला लागू देऊ नका, रबर फुगतं. आणि हाताने आवळता येईल तेवढंच आवळायचं. पाणी अडवायचं काम वायसर करतो, आटे नाहीत, तेव्हा गळायला लागलं तर वायसर बदला, पाना काढू नका. पाऊस सुरू व्हायच्या आत पाइप नळावरून काढून पडवीत टांगा, एवढं केलं तरी अर्धी कटकट संपते.

ज्यांचा पाइप आट्यांचा नाही, तोटीवर नुसता सारून क्लिप लावलेला असतो (आमच्याकडे अजून बहुतेक घरी हेच), त्यांची तऱ्हा वेगळी. पट्टी स्टीलची असते आणि स्क्रू साधा लोखंडी, तो गंजून त्याची खाचच राहत नाही. घेताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, स्क्रूला जोरात चिकटलं तर ती क्लिप इथे टिकायची नाही. ३१६ नंबरचं स्टील मिळालं तर घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेला नेहमीच्या ३०४ नंबरच्या स्टीलपेक्षा जास्त टिकतं. कडक झालेला पाइप तोटीवरून ओढत बसू नका, ब्लेडने लांबीत चीर द्या, साल काढल्यासारखा निघतो, आणि वीतभर पाइप कमी झाला तर काही बिघडत नाही. नवीन टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं की सहज चढतं.

कधी कधी जोड चांगला असतो, पीळही नसतो, तरी पाणी येत नाही. तेव्हा पाइपाच्या उघड्या टोकात बघा. कुंभारीण माशी तिथे लाल मातीचं घर करते, पाइपाची भोकं तिला फारच आवडतात. नळाकडून प्रेशर देऊन ते निघेलच असं नाही, उलट ढेकूळ पुढे जाऊन स्प्रे गनच्या जाळीत बसतं, म्हणून आधी तारेने टोकरून माती बाहेर काढायची. आणि टाकी फार उंच नसेल तर पाइप गडग्यावरून नेऊ नका. दहा मीटर उंचीला एक बार प्रेशर मिळतं, म्हणजे तीन मीटरवरच्या टाकीला जेमतेम ०.३ बार, तेवढ्यात वरच्या वळणात हवा अडकली की पाणी थांबतं किंवा नुसतं ठिबकतं. गडग्याच्या खालून मोरी असेल तर त्यातून घ्या.

अजून एक, पारदर्शक पाइप घेऊ नका, आत शेवाळ धरतं आणि तेच पुढे जाळीत अडकतं. काळा किंवा गडद हिरवा घ्या. फक्त तो उन्हात पडून असेल तर पहिलं पाणी पोफळीच्या रोपांवर नका सोडू, चांगलं पोळण्याइतकं गरम असतं, हाताला गार लागेपर्यंत बाजूला वाहू द्या आणि मग आळ्यात लावा.