चपलांपर्यंत परत यायला लागलेलं दीड वर्ष

जानेवारी २०२४ मध्ये रामेश्वरमला काइटबोर्डिंग शिकायला गेलो, तेव्हा माझ्याच चपलांनी रोज माझी लाज काढली. सकाळी वाळूत चपला काढायच्या, पाण्यात उतरायचं, पतंग वर घ्यायचा, बोर्डवर उभं राहायचं, शंभर-दीडशे मीटर मजेत जायचं आणि वळून परत यायचं. परत आल्यावर बघावं तर चपला लांब वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, कुठंतरी आणि मी वाऱ्यानं रेटत खाली आलेला. मग पतंग डोक्यावर धरायचा, बोर्ड काखेत मारायचा आणि गुडघाभर पाण्यातून चपलांपर्यंत चालत यायचं. तासातली वीस मिनिटं बोर्डवर गेली, चाळीस पायी.

साताऱ्यात परतल्यावर मित्रांनी विचारलं, "शिकलास का?" म्हटलं, "जायला शिकलोय, यायला नाही."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कमरेला पट्टा, पट्ट्याच्या हुकात अडकवलेला दांडा, दांड्यापासून वीस-बावीस मीटर लांब दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला नऊ-बारा चौरस मीटरचा पतंग. पायाखाली दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड. पतंग तुम्हाला वाऱ्याबरोबर खाली ओढतो. ते नको असेल तर बोर्डाची मागची कड पाण्यात रुतवून त्या ओढीला अडवायचं, म्हणजे बोर्ड तिरका कापत वर सरकतो. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणालाच जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण ६०-७० अंशांचा कोन ठेवून एकदा इकडे, एकदा तिकडे असं वर चढायचं. यवतेश्वरचा घाट जसा सरळ डोंगरावर चढत नाही, वळणं घेत चढतो, तसंच. घाटात निदान वळणावर गाडी मागे घसरत नाही. इथं प्रत्येक वळणाला पाच-दहा मीटर हातचे जातात.

साताऱ्यात सगळ्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला: "एवढ्या लांब कशाला? बामणोलीला शिवसागर आहे की." शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. बामणोलीच्या धक्क्यावर अर्धा तास उभं राहून पाण्याकडे बघा. एक झुळूक वासोट्याकडून, दुसरी पाठीमागून, मध्येच सगळं शांत. पवनचक्क्या चाळकेवाडीच्या सड्यावर उभ्या केल्यात त्या उगाच नाही. वर वारा मोकळा वाहतो, खाली दरीत डोंगरांना आपटून त्याचे तुकडे होतात. असल्या तुकड्या-तुकड्यांच्या वाऱ्यात बारा मीटरचा पतंग म्हणजे जिवाशी खेळ. परवानगीचा विषय तर काढलाच नाही.

परत आल्यावर मी सगळा दोष बोर्डला दिला. काइटबोर्डिंगच्या शाळेचा बोर्ड जुना, घासलेला, मग काय होणार? पुण्यातल्या एकाकडून वापरलेला बोर्ड बावीस हजारांना घेतला. १३४ सेंटीमीटर लांब, ४० रुंद, काळा-केशरी, दिसायला जबरदस्त. विकणारा म्हणाला, "यावर तुम्ही उड्या माराल." मला उड्या मारायच्या नव्हत्या, चपलांपर्यंत यायचं होतं. पण हे त्याला सांगायचं सुचलं नाही.

घरी आणल्यावर वाचायला बसलो आणि मग डोक्यात प्रकाश पडला. माझं वजन ८४ किलो. एवढ्या वजनाला १४०च्या आसपासचा बोर्ड लागतो. लहान बोर्ड पाण्यात दबतो आणि वेग धरत नाही. दुसरी गोष्ट बाक. बोर्ड जमिनीवर ठेवला की पोट टेकतं आणि दोन्ही टोकं वर राहतात. या बाकाला रॉकर म्हणतात. बाक जास्त असेल तर उडी मारून उतरताना गुडघ्यांना बरं, लाटांवरही मऊ चालतो. पण असा बोर्ड पाणी पुढे ढकलत राहतो. सपाट बोर्ड लवकर पाण्यावर येतो, त्याची कड लांबवर पाण्यात बसते, आणि वर चढायला नेमकी तीच कड कामाला येते.

मोजायचं कसं? बोर्डखालचे फिन, म्हणजे छोटे उभे पंख, स्क्रू काढून बाजूला केले, हॉलमधल्या शहाबादी फरशीवर बोर्ड ठेवला आणि स्वयंपाकघरातून आईचं लाटणं आणलं. मध्ये साडेतीन सेंटीमीटर जाड. टोकाखाली सरकवलं तर कुठंही न घासता आत गेलं, वर आणखी दोन बोटं जागा उरली. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "झालं असलं तर दे इकडं, पोळ्या राहिल्यात. आणि धुऊन दे."

म्हणजे मी उड्या मारणाऱ्याचा बोर्ड घेऊन बसलो होतो, तोही माझ्यापेक्षा पंधरा-वीस किलो हलक्या माणसाचा. बावीस हजारांचं दुःख आठवडाभर राहिलं.

खरा दोष बोर्डात अर्धाही नव्हता, हे कळायला आण्णा लागले. आण्णा म्हणजे माझे चुलते, कोरेगाव तालुक्यात शेती. तरुणपणी गावच्या रस्सीखेचीच्या संघात शेवटचा गडी, कमरेला दोर गुंडाळणारा. गणपतीला घरी आले होते. कौतुकानं त्यांना रामेश्वरमचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून दोनदा पाहिला.

"हे काय बसलायस?"

"बसलो नाही आण्णा, मागं झुकलोय."

"झुकलायस कुठं? खुर्चीत बसल्यागत बूड टाकलंयस. दोर ओढताना कंबर मोडली की गडी गेला. टाचा रोवायच्या, अंग फळीसारखं ताठ अन् पोट पुढं. आणि खाली काय बघतोयस? पायात काय पैसं पडल्यात?"

काइटबोर्डच्या प्रशिक्षकानं हेच मला तीनदा इंग्रजीत सांगितलं होतं: नितंब वर, खांदे मागे, नजर जायच्या दिशेला. मी मान डोलावली होती आणि पुन्हा खुर्चीत बसलो होतो. आण्णांनी सांगितल्यावर मात्र अंगाला कळलं. कारण शाळेत मीही रस्सीखेच खेळलोय आणि कंबर मोडल्यावर काय होतं ते तळहातांना आठवतंय.

पडवीच्या तुळईला दोर बांधला, त्यात पट्ट्याचा हुक अडकवला, पाय जोत्याच्या दगडाला लावले आणि मागे लोंबलो. पहिल्या दिवशी मिनिटभर टिकलो. पुढचा पाय जवळजवळ सरळ, मागचा थोडा वाकलेला, भार मागच्या टाचेवर, छाती पुढच्या दिशेला उघडी. तीन आठवडे रोज संध्याकाळी दहा मिनिटं. शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, "पाठीचं काही दुखणं आहे का त्याला?"

दुसरा धडा त्याच्या आधीच, त्याच पावसाळ्यात फलटणला मिळाला होता, पण तो धडा होता हे नंतर समजलं. फलटणकडे पतंग नागपंचमीला उडवतात. मामाच्या गच्चीवर मी ओढून-ओढून पतंग वर नेत होतो आणि तो मागे-मागे येऊन डोक्यावर लटकत होता. दहा वर्षांचा मामेभाऊ ओरडला, "दादा, ढील दे की! किती ओढतोस?" ढील दिली आणि पतंग सरसर पुढे गेला.

पाण्यावर माझं हेच चुकत होतं. ताकद कमी वाटली की घाबरून दांडा अंगाशी ओढायचो. दांडा फार ओढला की पतंगाला हवा नीट लागत नाही, तो मागे सरकतो आणि तुम्हाला वाऱ्याखाली ओढतो. मूठभर सोडला की तो पुढे उडून वाऱ्याच्या खिडकीच्या, म्हणजे पतंग जिथवर उडू शकतो त्या पट्ट्याच्या, कडेला जातो आणि तिथून ओढतो, म्हणजे बोर्डलाही वरचा कोन मिळतो. ढील द्यायला भीती वाटते, कारण हातातला दांडा हाच आपल्याला आधार वाटत असतो. भार खरं तर कमरेच्या हुकावर असतो. पुढचा हात सोडून दिला तरी पडत नाही, उलट खांदा आपोआप उघडतो.

जुलै २०२५ मध्ये पुन्हा गेलो. पहिल्या वेळी पांबनचा जुना रेल्वे पूल बंद होता, गाडी पुलाच्या अलीकडेच संपायची. या वेळी नव्या पुलावरून थेट रामेश्वरमपर्यंत आलो. हिवाळ्यात वारा ईशान्येचा होता, आता नैऋत्येचा, म्हणून किनाराही दुसरा. बोर्ड आधी घ्यायचा नाही, भाड्यानं घेऊन बघायचं, असं ठरवलं होतं. पिशवीत लाटणं होतं. आईनं नवं आणलं होतं, हे माझ्या नावावर केलं होतं. शाळेच्या बोर्डांखाली मी ते घालून बघायला लागलो तेव्हा तिथला तमिळ प्रशिक्षक कपाळाला हात लावून म्हणाला, "चपाती?"

पहिल्या दिवशी वारा १२-१३ नॉटच होता. १५५ बाय ४६चा दारासारखा मोठा बोर्ड घेतला, हलक्या वाऱ्याचा, जवळजवळ सपाट. लाटणं त्याच्याखाली अर्ध्यातच अडकलं. त्यावर काहीही न करता मी वर चढलो! खुर्चीत बसून, पायाकडे बघत. त्या रात्री तो बोर्ड विकत घ्यायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. दुसऱ्या दिवशी वारा २० नॉटला गेला, ताशी ३७ किलोमीटर, आणि तोच बोर्ड माझ्या टाचेखाली बसेना. एवढी मोठी फळी वेगात पाण्यात रुतवायला मांडीत जोर लागतो. फळी थडथडली, कड सुटली आणि मी तोंडावर. मोठा बोर्ड चुका झाकतो, पण वारा वाढेपर्यंतच.

तिसऱ्या दिवशी १४० बाय ४२, बाक बेताचा, खाली पाच सेंटीमीटरचे फिन. लाटणं घासत गेलं. तो ठरवला. माझा काळा-केशरी सुंदर बोर्डही नेला होता, तो एकदा उतरवून पाहिला आणि परत पिशवीत घातला.

त्या दिवशी मी एक खूण धरली. किनाऱ्यावर पालथी घातलेली निळी होडी आणि तिच्या मागे एकटा ताड. बोर्डवरून दोन्ही एका रेषेत दिसतात तिथून निघायचं आणि परत येताना ताड होडीच्या कोणत्या बाजूला गेला ते बघायचं. मीटर मोजायची गरज नाही, खोटंही बोलता येत नाही.

पहिल्या दोन फेऱ्यांत ताड चुकीच्या बाजूला. तिसऱ्या फेरीत पतंग पाण्यापासून ४५ अंशांवर ठेवून दिला आणि हलवायचा नाही असं ठरवलं. आधी मी तो सारखा वर-खाली फिरवायचो. थोडा वेग आल्यावर पोट पुढे घेतलं, टाच रोवली, नजर वरच्या किनाऱ्यावर आणि दांडा मूठभर सोडला. पाण्याचा आवाज बदलला. आधी फळी पाण्यावर आपटत खळखळायची, आता कापड फाडल्यासारखा एकसलग आवाज. मागे वळून पाहिलं तर फेसाची रेष सरळ, आणि ती रेष माझ्या खालून येत होती.

मग अति केलं. टाच इतकी रोवली की वेगच मेला, बोर्ड बुडाला आणि सगळी कमाई गेली. वारा मंदावला की थोडं खाली उतरून वेग घ्यायचा, जोर आला की रुतवायचं, हे त्यानंतरच्या दोन दिवसांत हळूहळू बसलं. फेऱ्या लांब करायच्या, वळणं कमी, हेही तेव्हाच.

पाचव्या दिवशी उजवा पाय पुढे ठेवून जायचं आणि डावा पाय पुढे ठेवून यायचं, अशा चार लांब फेऱ्या मारल्या. थांबलो तेव्हा चपला दिसेनात. माझ्या सवयीनं मी वरच्या बाजूला शोधत होतो. त्या खाली होत्या, चाळीसेक पावलं.

संध्याकाळी आण्णांना दोन्ही बाजूंचे व्हिडिओ पाठवले. उजव्या पायाचा बरा आहे, डाव्याला अजून निम्मी कमाई जाते, हे मला माहीत होतंच. रात्री त्यांचा आवाजी मेसेज आला, मागे मोटारीचा आवाज, बहुतेक पाणी पाजत होते: "टाचा बऱ्या हायत. दुसऱ्यात मान अजून खालीच हाय."