गाणं संपलं, हे यंत्राला कसं कळतं?

ग्रामोफोनचा विषय निघाला की लोक आवाजावर येतात. कर्णा, खरखर, कुत्र्याचं चित्र, आणि तिथून थेट आजोबांच्या वाड्यात. मला मात्र त्या यंत्राबद्दल एकच कोडं पडलेलं असतं. स्प्रिंग, दाते आणि तरफा यांची ती पेटी. तिला कान नाहीत. सूर कळत नाही, ताल कळत नाही, समेचं तर नावच नको. मग गाणं संपलं, हे तिला कळतं कसं?

आपोआप तबकडी बदलणारं यंत्र, म्हणजे चेंजर, म्हटलं की सगळे बदलण्याचं कौतुक करतात. पण बदलणं ही हमाली झाली. उचला, सरकवा, ठेवा. खरी अक्कल लागते ती कधी उचलायचं हे ठरवायला.

आधी ही अक्कल माणसानंच पुरवायची होती. मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. बारा इंची असेल तर चार, साडेचार. तेवढ्यात खुर्चीत टेकायचं, मान डोलवायला सुरुवात करायची आणि लगेच उठायचं. साउंड बॉक्स, म्हणजे सुई बसवलेली डबी, उचला, तबकडी उलटा, चावी द्या, सुई बदला. पोलादी सुई एका बाजूपुरतीच चांगली, म्हणून तर सुया दोनशे-दोनशेच्या डबीत मिळायच्या. घरात ‘बाळ, जरा बघ रे तिकडे’ म्हणता येईल असं एखादं पोर असलं, तरच मोठ्यांचं गाणं ऐकणं निवांत व्हायचं.

गाणं संपल्याची वर्दी त्या काळात कधी कधी गाणाराच द्यायचा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. शेवटी ती ठसक्यात इंग्रजीत सांगते, ‘माय नेम इज गौहरजान.’ तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोणाचा आवाज कोणता ते समजावं म्हणून ही सोय, असं सांगतात. ऐकणाऱ्यालाही तेवढ्यानं कळायचं, की आता उठायला हवं. यंत्राला मात्र ठुमरी काय आणि नाव काय, दोन्ही सारखंच. नाव सांगून झालं तरी थाळी फिरतच राहायची आणि सुई मधल्या कागदाच्या कडेला घासत बसायची.

मग ब्रेक आले. त्यांतला एक प्रकार मला फार आवडतो. नवी तबकडी लावली की सुई आधी शेवटच्या खाचेपर्यंत न्यायची, तिथं ब्रेकचा काटा नेमून ठेवायचा, आणि मग सुई परत सुरुवातीला आणून गाणं लावायचं. म्हणजे गाणं कुठं संपणार हे तुम्ही यंत्राला सांगायचं, आणि तीन मिनिटांनी त्यानं ते तुम्हाला सांगायचं. तबकडी बदलली की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

यंत्राला शहाणं करणं जमेना, तेव्हा तबकडीलाच खूण करायला शिकवलं. ही १९२० च्या दशकातली गोष्ट. गाणं चालू असताना सुई फक्त आत आत जाते, दर फेऱ्याला साधारण पाव मिलिमीटर. बाहेरच्या दिशेनं ती कधीच येत नाही. तेव्हा गाणं संपल्यावर शेवटी एक गोल खाच कोरायची, पण तिचा मध्य मुद्दाम चुकवायचा. तबकडीच्या भोकाशी तो जुळता कामा नये. त्या खाचेत पोचली की सुई आत-बाहेर झुलायला लागते आणि तिच्याबरोबर सगळा हात झुलतो. गाणंभर जो एकदाही मागे फिरला नाही तो हात मागे फिरला, एवढ्या एकाच गोष्टीवर खिट्टी पडते आणि ब्रेक लागतो. कान नसलेल्या पेटीला याहून सोप्या भाषेत शेवट सांगता आला नसता. अर्थात, कारखान्यात एखाद्या तबकडीचं भोकच जरा सरकून पडलं असेल तर हात पहिल्यापासूनच डुलणार, आणि मधल्या कडव्यातच यंत्राचा समज होणार की मैफल उठली.

दुसरी युक्ती मी प्रत्यक्ष पाहिली. पुण्यात पेठेतल्या एका गल्लीत जुने प्लेअर दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे एक इंग्लिश बनावटीचा चेंजर आला होता. त्यांनी तो चौकटीवर ठेवला, पिन काढली आणि वरची थाळी उचलून बाजूला केली. मधला आस आणि त्याच्या बुडाशी असलेला एक छोटासा उंचवटा तेवढा दिसत होता. शेजारी एक मोठं दातेरी चाक, पण त्याचे काही दाते मुद्दाम गाळलेले. ती रिकामी जागा आसासमोर असते तोवर चाक ढिम्म उभं.

“ताई, चाकाकडे नका बघू. या पट्टीकडे बघा,” काका म्हणाले.

पट्टी म्हणजे नखाएवढा पत्रा. सुईचा हात आत सरकला की तोही आसाकडे सरकतो, पण घट्ट जोडलेला नाही, नुसत्या घर्षणानं ओढला जातो. गाणं चालू असताना तो केसभर पुढे येतो, तेवढ्यात फिरता उंचवटा त्याला टिचकी मारून मागे सारतो. पुन्हा केसभर पुढे, पुन्हा टिचकी. स्वयंपाकघराच्या दारात मांजर हळूहळू पाऊल टाकत येतं आणि आपण पोळ्या लाटता लाटता त्याला दर वेळी पायानं बाहेर सारतो, तसंच. पण गाणं संपलं की खाचेचे वेढे एकदम लांब लांब होतात आणि सुई एका फेऱ्यात झपकन आत जाते. मांजरानं मुसंडी मारली. आता पायानं सारायला वेळच नाही. पट्टी इतकी पुढे आलेली असते की उंचवटा तिला मागे ढकलण्याऐवजी तिच्यावरच आदळतो. त्या धक्क्यानं दातेरी चाक जरासं हलतं, दात्यात दाता बसतो, आणि मग ते चाक एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय थांबत नाही. त्या एका फेरीत हात वर उचलला जातो, बाहेर जातो, नवी तबकडी खाली पडते, हात पुन्हा आत येऊन कडेला अलगद टेकतो. चाकाची रिकामी जागा आसासमोर आली की सगळं पुन्हा शांत.

काकांनी ते हातानं सावकाश फिरवून दाखवलं. मी पुन्हा, पुन्हा म्हणत राहिले आणि त्यांनी कुरकुर केली नाही.

हे सगळं जमायला बरीच वर्षं गेली, आणि पहिला मान ड्रॉइंग रूमचा नाही, दारूच्या गुत्त्याचा. १९०६ साली शिकागोच्या जॉन गेबलनं ‘ऑटोमॅटिक एंटरटेनर’ बाजारात आणला. आत २४ तबकड्या. नाणं टाका, गाणं निवडा, दांडा फिरवा. तबकडी बदलायचीच, वर सुईसुद्धा आपली आपण बदलायची! पुढचे कित्येक घरगुती चेंजर ही दुसरी गोष्ट करू शकले नाहीत, तेव्हा गेबलसाहेबांना माझा नमस्कार.

घरासाठीच्या यंत्राची धडपड तर थेट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटापर्यंत पोचते. होबार्टच्या एरिक वॉटरवर्थनं १९२५ मध्ये नीट चालणारा चेंजर बनवला. बापलेक तो घेऊन सिडनीला गेले, एका कंपनीनं ‘सालोनोला’ नावाच्या आपल्या ग्रामोफोनमध्ये तो बसवायचं ठरवलं. १९२७ च्या ईस्टरच्या जत्रेत लोकांना दाखवलाही. आणि कंपनी बुडाली. सालोनोला दुकानात आलाच नाही. बापलेकांनी मग लंडन गाठलं आणि तिथल्या नव्या कंपनीला पेटंट विकून टाकलं. त्यांच्या पहिल्या नमुन्यांपैकी एक आजही सिडनीच्या संग्रहालयात आहे.

त्याच १९२७ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर कंपनीनं आपला स्वयंचलित ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला काढला. किंमत ६०० डॉलर. त्या वर्षी फोर्डची मॉडेल टी मोटार याहून स्वस्तात येत होती. एकाच मापाच्या १२ तबकड्या रचायच्या. वाजून झालेली तबकडी यंत्र कडेनं उचलायचं आणि बाजूच्या मऊ अस्तराच्या कप्प्यात सरकवायचं. त्या तबकड्या लाखेच्या, हातातून निसटली की खापरं. जिवापाड जपलेली तबकडी यंत्राला असं भिरकावताना बघायला भलताच खंबीर मालक लागत असणार. तिकडच्याच होमर केपहार्टनं तर तबकडी उलटी करून दोन्ही बाजू वाजवणारी यंत्रं विकली. हे गृहस्थ पुढे इंडियानातून सेनेटर झाले. इंग्लंडात गॅरार्डचा कारखाना निघाला होता १९१५ मध्ये, तोफखान्याला अंतर मोजायची उपकरणं पुरवायला. लढाई संपल्यावर त्यांनी ग्रामोफोनच्या मोटारी केल्या आणि पुढे चेंजर. आपल्याकडच्या जुन्या रेडिओग्रामची, म्हणजे रेडिओ आणि ग्रामोफोन एकत्र असलेल्या कपाटांची, झाकणं उघडली तर आत पुष्कळदा त्यांचंच नाव सापडतं.

आता या यंत्रानं संगीताचं काय केलं ते बघा. बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी १९१३ साली आर्थर निकिश या संचालकानं बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून मुद्रित करून घेतली, ती आठ बाजूंवर. एक सलग रचना, आठ तुकडे, मध्ये सात वेळा उठबस. चेंजरची खरी निकड होती ती इथं. पण एकावर एक तबकड्या पडणाऱ्या चेंजरला तबकडी उलटता येत नाही. तेव्हा कंपन्यांनी बाजूंचे क्रमच बदलले. पहिलीच्या पाठीला आठवी, दुसरीच्या पाठीला सातवी, तिसरीला सहावी, चौथीला पाचवी. चार तबकड्या लागोपाठ पडल्या की अख्खी चळत उचलून उलटी करायची आणि पुन्हा आसावर चढवायची. पाच, सहा, सात, आठ बरोबर ओळीनं येतात. हिशेब सुरेख आहे. फक्त ज्याच्याकडे साधा प्लेअर आहे त्यानं हा संच घेतला, की दर बाजूला नवी तबकडी शोधत बसायची. जुन्या बाजारात एलपीच्या संचातसुद्धा पहिल्या बाजूमागे सहावी बाजू दिसते. छापताना चूक झाली म्हणून दुकानदार तो स्वस्तात देतो. जरूर घ्यावा.

आपल्याकडे गंमत वेगळीच झाली. आपल्या गवयांनी राग आठ बाजूंवर तोडला नाही. त्यांनी तीन मिनिटांचा वेगळाच ऐवज घडवला. अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी ऐका. तीन-सव्वातीन मिनिटांत मांडलंय, खुललंय, मिटलंय, आणि मागे काही राहून गेल्याचं वाटत नाही. अशा गाण्याला जोडकाम करणारं यंत्र कशाला हवं? उलट काही तबकड्यांवर एका बाजूला विलंबित आणि पाठीला द्रुत असायचं. अशा पाच-सहा तबकड्या हौसेनं चेंजरवर चढवल्या तर काय होईल? आधी सगळ्यांचे विलंबित ओळीनं. यमनचा, मग मालकंसाचा, मग तोडीचा. चळत उलटी केली की सगळ्यांचे द्रुत, तेही उलट्या क्रमानं, तोडीपासून मागे यमनपर्यंत. वेळेचं शास्त्र पाळणारा एखादा जुना श्रोता समोर असता तर तो तबकड्यांआधी यंत्रच उचलून बाहेर टाकता.

केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर या अंतराळयानांवर चढली, तीही तबकडीवरच. सोबत सुई दिलेली आहे, वरच्या झाकणावर ती कशी ठेवायची याची चित्रं कोरलेली आहेत. आपोआप चालणारं काहीही नाही. नासाच्या मंडळींचा निर्णय मला एकदम पटतो. परग्रहावरचा चेंजर दुरुस्त करायला काका कुठून आणणार?

राहता राहिला एक शेवट. एका गाण्याचा शेवट कळला, पण सगळ्या चळतीचा? त्यासाठी चेंजरवर एक आडवा दांडा असतो, तबकड्यांच्या डोक्यावर टेकलेला. लोकांना वाटतं तो चळत धरून ठेवायला आहे, आणि तेही खरंच. पण शेवटची तबकडी खाली पडली की त्याच्या खाली काही उरत नाही, तो पार खाली येतो, आणि पुढच्या फेरीत यंत्र स्वतःला बंद करून घेतं. हा दांडा जर वर उचलून बाजूला वळवून ठेवला, तर काही यंत्रांची समजूत होते की अजून तबकड्या शिल्लक आहेत. मग चाक फिरतं, हात बाहेर जातो, नवीन काही पडतच नाही, हात परत येतो आणि तीच तबकडी पहिल्यापासून सुरू होते.

काकांनी दुरुस्ती झाल्यावर हेच करून दाखवलं. कुठल्याशा लावणीची रेकॉर्ड होती, आणि आवाज पार रस्त्यापर्यंत. पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली, पुन्हा सुरू झाली. शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मशीनवरून मान वर काढली.

“काका, आता पुढचं लावा की!”

“पुढचं नाहीच आहे,” काका आतून ओरडले, “यालाच वाटतंय, आहे म्हणून.”