चिंचोके गायब केले त्या दिवशी

खानापुरात सैन्यभरतीच्या पोरांना शिकवतो मी. आठवड्यातनं एक दिवस एसएसबीवाल्या, म्हणजे लष्करात अधिकारी व्हायची निवड परीक्षा देणाऱ्या पोरांचं ग्रुप प्लॅनिंग असतं, त्यासाठी व्हरांड्यात तांबड्या मातीचं सँड मॉडेल केलेलं. जुलै महिना, बाहेर आमचा नेहमीचा धो धो. फुटक्या कवलाच्या बराकी, त्याखाली मूठभर चिंचोके म्हणजे कैदी, आणि पोरांना सांगितलं एवढंच की व्हिएतनाम युद्ध चालू आहे, हानोईच्या पश्चिमेला 37 किलोमीटरवर अमेरिकन कैद्यांचा कॅम्प आहे, सोडवून आणा.

पोरं तासभर भांडली पण प्लॅन झकास केला. मग मी चहाला पाठवलं आणि तेवढ्यात चिंचोके उचलून खिशात टाकले.

परत आल्यावर एकानं मोठ्या थाटात कवल उचललं, खाली नुसती माती. दुसरं उचललं. तिसरं. सगळी गप्प आणि मग एकदम ओरडा, सर चीटिंग आहे हे!

मग सांगितलं, 21 नोव्हेंबर 1970 ला ह्याच कॅम्पात, सोन तायमध्ये, अगदी हेच झालं. अमेरिकन कर्नल सायमन्सची 56 माणसं, फ्लोरिडात लाकूडकापडाचा खोटा कॅम्प उभारून महिनोन्महिने सराव, रशियन सॅटेलाइटला दिसू नये म्हणून दिवसा तो उतरवून ठेवायचे म्हणे. आवारात जागा नव्हती म्हणून एक हेलिकॉप्टर मुद्दाम आतच आपटवलं. स्वतः सायमन्सचं हेलिकॉप्टर चुकून 400 मीटर लांब दुसऱ्याच आवारात उतरलं, तिथं चकमक झाली, तरी सगळं सावरून अर्ध्या तासाच्या आत बाहेर. त्यांचा एकही मेला नाही. आणि रेडिओवर काय, तर 'निगेटिव्ह आयटम्स', म्हणजे कैदी नाहीत. त्यांना 14 जुलैलाच हलवलेलं. चार महिने आधी!

"का हलवलं?" जांबोटीच्या पलीकडनं येणारा एक पोरगा, एरवी तोंड न उघडणारा.

म्हटलं, शेजारच्या नदीला पाणी चढत होतं, पुराची भीती.

"मग तिथं पावसाळा कधी असतोय हे कुणी विचारलं नाही काय? आमच्यात पाणी चढलं की कोंबड्या पण हलवतो की आम्ही."

मला खरंच उत्तर सुचेना. विमानातनं काढलेल्या फोटोत हालचाल कमी झालेली दिसत होती म्हणे, मी तेच पुटपुटलो.

आमचे पीटीचे सुभेदारसाब, मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर, मघापासनं खांबाला टेकून ऐकालते. मी 'फेल' म्हटल्यावर चिडले. "फेल कसली ओ सर? सगळी पोरं घरला आणली की त्यानं." त्यात तथ्य आहे म्हणा, त्या धसक्यानं व्हिएतनामींनी लांबलांबचे कैदी हानोईत एकत्र आणले, वर्षानुवर्षं एकेकटे कोंडलेले लोक एका खोलीत आले, बोलायला माणूस मिळाला. पण सुटका 1973 लाच झाली, म्हणून मी माझा 'फेल' काही मागं घेतला नाही, त्यांनीही नाही. चहा गार झाला.

त्या पोरानं मात्र साडेतीनलाच सॅक उचलली.

"अरे, अजून तास आहे की."

"वाटेतला ओढा चढायच्या आत जातो सर."